आबांचं जपान पोस्टिंग

पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेलच. नसेल, तर कुणाच्या तरी डीपीच्या मागे नक्की पाहिलंय : आखीव हिरवळ, छोटासा पूल, तळ्यात रंगीत मासे. या बागेचं दुसरं नाव 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान'. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षं जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर ही बाग २००६ मध्ये उभी राहिली. आपण तिथे जातो, भेळ कुठे खायची यावर वाद घालतो आणि परत येतो. ओकायामाच का, क्योटो का नाही, असा प्रश्न निदान मला तरी कधी पडला नव्हता.

मैत्री उद्यान व्हायच्या साठ वर्षं आधी, १९४६ मध्ये, ओकायामात एका फौजेचं मुख्यालय होतं. ब्रिटिश-इंडियन डिव्हिजन, लष्करी भाषेत 'ब्रिनडिव्ह'. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, म्हणजे जंगी पलटण. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं पराभूत जपानवर पहारा द्यायला गेली होती. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझी एक मैत्रीण टोकियोत आयटीत आहे, निशी-कासाईला राहते (तिथे म्हणे आपल्याकडची मंडळी इतकी आहेत की कोथिंबिरीची चिंता नसते). तिचे पणजोबा त्या पलटणीत होते. कोरेगावजवळच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे 'जपानवाले आबा' म्हणायचे. तिच्या घरी भिंतीतल्या कपाटात त्यांनी आणलेला एक लाखकामाचा ट्रे आहे. आबा जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. त्यांनी सांगितलेल्यापैकी घरात तीनच गोष्टी उरल्यात : तिथे गुडघाभर बर्फ पडायचा, बायका लाकडी चपला टकटक वाजवत चालायच्या, आणि लोक उपाशी होते.

गेल्या नोव्हेंबरात मी जपानला जाणार म्हटल्यावर मैत्रिणीने चार दिवसांची रजा टाकली. रूट ठरला : कुरे, ओकायामा, मात्सुए. ऑफिसात तिने सांगितलं, देवळं आणि सोबा नूडल्ससाठी चाललेय. "खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "काय सांगू? माझे पणजोबा तुमच्या देशावर कब्जा करायला आले होते म्हणून? सोमवारी त्याच लोकांबरोबर मीटिंग असते गं माझी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी थोडा संदर्भ. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. ताबा मुख्यतः अमेरिकनांकडे, सगळ्यांचा बॉस जनरल मॅकार्थर. पण ब्रिटिश गटालाही विजयात वाटा हवा होता. त्यातून ब्रिटिश कॉमनवेल्थ ऑक्युपेशन फोर्स उभी राहिली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड आणि भारत, चार देशांचे मिळून भर काळात चाळीस हजारांच्या आसपास शिपाई. भारत स्वतःच ब्रिटिशांच्या ताब्यात होता, तरी नाव देशांच्या यादीत. त्यांच्या वाट्याला होन्शू बेटाचा पश्चिम भाग आणि शिकोकू बेट आलं. त्यात हिरोशिमाही होतं. कारभार मात्र त्या भागातही अमेरिकनांनीच चालवायचा. कॉमनवेल्थच्या शिपायांनी पहारे, गस्त, शोध आणि विल्हेवाट बघायची. थोडक्यात, क्लायंट दुसऱ्याचा, मॅनेजर तिसरा आणि आपली मुलं ऑनसाइट.

ही फौज उतरली कुरे बंदरात. हिरोशिमाहून लोकलने पाऊण तासाच्या आत पोचता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये अजूनही जहाजबांधणीच्या क्रेन. दुसऱ्या महायुद्धातली सर्वांत मोठी युद्धनौका 'यामातो' इथेच बांधली गेली. जुलै १९४५ मध्ये बॉम्बवर्षावाने हे गाव जवळपास संपवलं होतं. इरिफुनेयामा नावाच्या टेकडीवजा जागी जपानी नौदलाच्या प्रमुखाचं जुनं निवासस्थान आहे. पुढची बाजू विलायती बंगल्याची आणि मागची बाजू तातामीच्या खोल्यांची. युद्धानंतर तिथे कॉमनवेल्थ फौजेचे सेनापती राहायचे. आता म्युझियम आहे. मैत्रीण पुढच्या दिवाणखान्यात फार थांबली नाही, मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आबा या घराच्या आत कधी आले नसणार, एवढं आम्हा दोघींनाही कळत होतं.

शिपायांना इथे एक कडक नियम होता. जपानी लोकांशी औपचारिक वागायचं, त्यांच्या घरात जायचं नाही, त्यांच्या कौटुंबिक आयुष्यात मिसळायचं नाही. ऑस्ट्रेलियन सेनापती नॉर्थकॉट यांनी तसा लेखी आदेशच काढला होता. आता विचार करा : बावीस-तेवीस वर्षांची पोरं, चार वर्षं युद्धात, अखेर गोळीबार थांबलाय, समोर एक अख्खं गाव जगायची धडपड करतंय आणि त्या गावाशी बोलायचं नाही. अर्थात नियम फार दिवस टिकला नाही. सिगारेट, साखर, साबण यांचा काळाबाजार सगळीकडे चालू होता आणि बाजार म्हटला की बोलणं आलंच.

हिरोशिमा आम्ही आदल्या दिवशी पाहिलं. त्यावर मी इथे लिहिणार नाही, तो वेगळा लेख आहे आणि तो माझ्याहून चांगला लिहिणाऱ्यांनी लिहिलाय. एवढंच सांगते की त्या काळातल्या कॉमनवेल्थ शिपायांचे तिथल्या भग्न इमारतींसमोर उभं राहून काढलेले फोटो आहेत. सुट्टीच्या दिवशी लोक बघायला जायचे. किरणोत्सर्ग वगैरे शब्द त्यांच्या गावीही नव्हते.

ओकायामाला शिंकान्सेनने पाऊण तासात पोचलो. कोराकुएन बघून पहिली प्रतिक्रिया : अरे, आपली बाग खरंच हिच्यासारखी आहे! फक्त इथे हिरवळीच्या पलीकडे नदी, आणि नदीपलीकडे कावळ्यासारखा काळाकुट्ट किल्ला. म्हणजे दिसायला किल्ला. मूळचा २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला, आत्ताचा १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, आत लिफ्टसुद्धा आहे. ब्रिनडिव्हचं मुख्यालय या शहरात आलं तेव्हा किल्ल्याचा नुसता चौथरा होता आणि भोवती जळून गेलेलं शहर. आम्ही हिरवळीच्या कडेला बसून किबी-दांगो खाल्ले. तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे, मोदकाची उकड गोड केली तर लागेल तसे. व्हेज मंडळींनी नोंद घ्यावी, या प्रवासात बिनधास्त खाता येणारा पदार्थ हाच.

मात्सुएला जायला ओकायामाहून 'याकुमो' एक्स्प्रेस घ्यायची. अडीच-पावणेतीन तास डोंगरातून वळणं घेत ती गाडी जपानच्या मागच्या अंगणात उतरते. या भागाला सानइन म्हणतात, डोंगराची सावलीकडची बाजू. पर्यटक कमी, ढग जास्त. २६८ भारतीय ब्रिगेडचं ठाणं इथे होतं, शिमाने आणि तोत्तोरी या प्रांतांची जबाबदारी तिच्याकडे. ब्रिगेडमध्ये तीन पलटणी : पहिल्या पंजाब रेजिमेंटची पाचवी, पाचव्या गुरखा रायफल्सची दुसरी आणि आपली जंगी पलटण. ब्रिगेडियर होते के. एस. थिमय्या, पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले तेच. ज्या काळात हिंदी अधिकाऱ्याला ब्रिगेड मिळणं ही बातमी होती, त्या काळात त्यांच्याकडे एका पराभूत साम्राज्यात ब्रिगेड होती.

जंगी पलटण इटलीत लढून आलेली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून पाठीवर आणून पुन्हा मशिनगनवर चालून गेलेले नामदेव जाधव याच पलटणीचे. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर वर्षभरात त्याच पलटणीला काम काय? डोंगरात लपवलेला दारूगोळा शोधा, मोजा, नष्ट करा. किनाऱ्यावर कोरियातून चोरून येणाऱ्या बोटी पकडा. गोदामांवर पहारा द्या. भारतीय पलटणी आळीपाळीने टोकियोलाही जायच्या, सम्राटाच्या राजवाड्यापाशी गार्ड ड्युटीला.

आणि निवडणूक! १० एप्रिल १९४६ रोजी जपानच्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं, एकोणचाळीस बायका निवडून आल्या. कॉमनवेल्थ फौजेच्या भागात मतदान नीट होतंय ना हे बघायला शिपाई होते. त्याच साली भारतात प्रांतिक निवडणुका झाल्या, पण मतदानाचा हक्क मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्या थोड्या लोकांना होता. साताऱ्यातल्या साध्या शेतकरी बाईला तो मिळाला थेट १९५१-५२ च्या निवडणुकीत. आबांच्या आईने तेव्हा मत दिलं की नाही, हे मैत्रिणीने बाबांना मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, "दिलं असेल की. हट्टी होती."

मात्सुए गाव मला फार आवडलं. १६११ चा लाकडी किल्ला जसाच्या तसा उभा आहे, बॉम्ब इथे पडले नाहीत. किल्ल्याभोवतीच्या खंदकातून बोटी फिरतात. पूल खाली आला की बोटीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांनी डोकं वाकवायचं. बूट काढून अंधाऱ्या उभ्या जिन्याने वर गेलं की शिंजी सरोवर दिसतं. किल्ल्यातल्या पाट्यांवर सरदारांच्या वंशावळी आहेत, या गावात राहून जपानी भुतांच्या गोष्टी लिहिणाऱ्या लाफकादियो हर्नचं घर पुढच्या गल्लीत जपून ठेवलंय. भारतीय ब्रिगेडबद्दल आम्ही फिरलो तिथे एक ओळही दिसली नाही. मला आधी राग आला. मग वाटलं, आपल्या गावात पाहुणी आलेली परकी पलटण आपण तरी कुठे पाटीवर लावतो?

तिथे वरच्या मजल्यावर वारा खात बसल्यावर मैत्रिणीने विचारलं, "पण आबा इथे खूश असतील का गं?"

मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं. जपानचं पोस्टिंग त्या काळात नशीब मानावं असंच होतं. याच रेजिमेंटच्या दुसऱ्या दोन पलटणी, चौथी आणि सहावी, ऑक्टोबर १९४५ मध्ये इंडोनेशियात सुराबायाला उतरवल्या गेल्या. शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रं घ्यायची आणि कैद्यांना सोडवायचं, असं काम सांगितलेलं. प्रत्यक्षात समोर आले स्वातंत्र्य जाहीर केलेले इंडोनेशियन लोक, डच परत येऊ नयेत म्हणून जिवावर उदार झालेले. तीन दिवसांत त्या ब्रिगेडची दाणादाण उडाली, ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. इंडोनेशिया आजही १० नोव्हेंबर हा वीरांचा दिवस पाळतो. त्यांच्या त्या कथेत आपली मुलं चुकीच्या बाजूला आहेत, आणि त्यांना बाजू कुणी विचारलीच नव्हती. महायुद्ध संपल्यावरही मराठी घरांत तारा येत राहिल्या त्या अशा.

आणि घरी काय चाललं होतं? लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर नौसैनिकांचं बंड. त्याच महिन्यात कॉमनवेल्थ फौजेची पहिली तुकडी कुरेला उतरली होती. खुद्द थिमय्यांचा एक भाऊ आझाद हिंद सेनेत गेला होता. नेताजींच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी टोकियोच्या रेन्कोजी देवळात होत्या, अजून आहेत. मे १९४६ पासून टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात राधाबिनोद पाल नावाचे हिंदी न्यायाधीश बसले होते. सगळे आरोपी निर्दोष, असा एकट्याने वेगळा निकाल त्यांनी पुढे दिला. एकाच देशाची माणसं, एकाच वेळी, जपानशी चार नात्यांनी बांधलेली. तुम्हीच सांगा, बराकीत रात्री काय गप्पा होत असतील?

लाखकामाचं दुकान किल्ल्याजवळच्या गल्लीत सापडलं. मात्सुएची स्वतःची लाखकामाची पद्धत आहे, याकुमो-नुरी. आधी नक्षी काढतात, वर पारदर्शक लाखेचे थर देतात आणि घासून चमकवतात. दुकानात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. मैत्रिणीने फोनवर घरच्या ट्रेचा फोटो दाखवला. आजींनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला (हो, त्यांनाही येतं) आणि म्हणाल्या, याकुमो-नुरी असू शकेल, पण हातात घेतल्याशिवाय नक्की सांगणार नाही. भारतात कसा गेला?

मैत्रीण म्हणाली, "माझे पणजोबा युद्धानंतर इथे होते. सैन्यात."

आजींचा चेहरा एकदम उजळला. "आ, चंद्र बोस!"

मला जपानी येत नाही, पण एवढं कळलं. त्या पिढीला भारतीय शिपाई म्हटलं की नेताजीच आठवतात, जपानच्या बाजूने उभे राहिलेले. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळे खूश, चहा आला असता, आबा बसल्या जागी आझाद हिंद सेनेत भरती झाले असते. ऑफिसातही सांगता येईल असे पणजोबा.

"नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला. कब्जा करणाऱ्या फौजेत."

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मैत्रीण मला तुकड्यातुकड्यांनी मराठीत सांगत होती. भारतीय शिपाई त्यांना आठवत नाहीत, खूप लहान होत्या. आठवतात ते वडील, कारण ते नव्हते. ते बर्मात होते आणि १९४७ मध्ये परत आले. युद्ध १९४५ ला संपलं मग दोन वर्षं कुठे होते, हे त्यांनी मोठेपणी विचारलं. शरण आलेल्या लाखाहून जास्त जपानी शिपायांना ब्रिटिशांनी आग्नेय आशियात रस्ते, गोद्या, गोदामांच्या कामाला ठेवून घेतलं होतं, त्यांत ते होते. म्हणजे कोरेगावचे आबा मात्सुएत आणि मात्सुएचे वडील बर्मात, आणि दोघांच्याही घरून एकच प्रश्न : युद्ध संपलं ना, मग माणूस घरी का येत नाही?

आणि ट्रे? त्या काळाला जपानीत 'ताकेनोको सेइकात्सु' म्हणतात, बांबूच्या कोंबाचं जगणं. कोंब जसा एकेक पापुद्रा सोलत जातो, तशी घरातली एकेक वस्तू विकायची आणि तांदूळ आणायचा. आधी किमोनो, मग भांडी, मग आईच्या लग्नातल्या वस्तू. आजींच्या आईनेही विकल्या होत्या. कुणाला, ते आजींना माहीत नाही. "चांगला दाम दिला असेल तर बरं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते आबांबद्दल होतं की सगळ्यांबद्दल, हे मैत्रिणीलाही नीट कळलं नाही.

आबांनी काय दिलं असेल? पैसे, सिगारेटची पाकिटं की साखर? मैत्रीण त्या रात्री बराच वेळ यावर बोलत होती. घरात आजवर 'जपान्यांनी प्रेमाने दिला' असंच सांगितलं गेलंय. लोक उपाशी होते, ही आबांची गोष्टही त्याच घरात सांगितली जाते. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून कुणी पाहिली नव्हती, इतकंच.

१९४७ मध्ये भारतीय फौज जपानमधून परतली. देश स्वतंत्र होत होता आणि फाटत होता, सैन्यासकट. मात्सुएत एकत्र असलेल्या तीन पलटणींपैकी पंजाबची पलटण पाकिस्तानात गेली, मराठा आणि गुरखा भारतात राहिल्या. जपानला याच फौजेबरोबर आलेल्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे थिमय्यांनी १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत चढवले. समोर पाकिस्तान होता. आबा त्याआधीच पेन्शनीवर गावी आले होते. त्यांच्या पलटणीबरोबर पत्ते कुटणारे पंजाबचे शिपाई पुढे कुठे गेले, याची एकही गोष्ट घरात नाही.

मात्सुएच्या स्टेशनवर मैत्रिणीने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पाऊस लागला होता, नेटवर्क तुटत होतं. ट्रे धुवायचा नाही, साबण तर अजिबात नको, नुसता मऊ कापडाने पुसायचा आणि उन्हात ठेवायचा नाही, असं आजींनी बजावून सांगितलं होतं. जुना झाला की नक्षी आणखी स्पष्ट दिसते, हेही.

"अगं, पण तुझी आई दर संक्रांतीला त्यात तिळगूळ ठेवते," पलीकडून बाबा म्हणाले. "चिकट होतो. मग घासायचा नाही तर काय?"

"ओल्या फडक्याने पुसा. आणि बाबा, तो ट्रे आपल्याला कुणी दिला नव्हता. आबांनी घेतला होता."

"म्हणजे?"

"घरी आले की सांगते," ती म्हणाली. याकुमो फलाटावर लागत होती.